ट्रॉली पण ट्रॅक्टरला तेवढ्याच जोराने मागे ओढते म्हणे, मग ती गाऱ्यातून निघालीच कशी?

यावलचा_केळीवाला
मंडळी, प्रश्न नववीच्या विज्ञानाचा आहे पण उगवला आमच्या वावरात, म्हणून शाळेच्या ग्रुपवर न टाकता इथे टाकतोय. मागच्या आठवड्यात केळीची कटाई चालू होती, घड भरून ट्रॉली निघाली आणि नाल्याजवळच्या वळणावर मागचं डावं चाक अर्ध्यापर्यंत गाऱ्यात गेलं (गारा म्हणजे चिखल हो, पुण्यामुंबईकडच्यांसाठी सांगतो). आमच्या ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरताहेत, काळी माती उडतेय आणि गाडी ढिम्म. एका मजुराने डोकं लावून चाकाखाली केळीचे खांब कापून टाकले, तर ते चिरडून असे बुळबुळीत झाले की होती ती पकड पण गेली. शेवटी शेजारच्या आप्पांचा ट्रॅक्टर बोलावला, तो वर मुरमाच्या रस्त्यावर उभा केला, साखळी लावली, तीनदा घर्र घर्र आणि चौथ्यांदा निघाली एकदाची.

पोऱ्या बांधावर उभा राहून सगळं बघत होता. रात्री जेवताना म्हणतो, पप्पा, आमचा पहिलाच धडा आहे गतीचे नियम, त्यात न्यूटनचा तिसरा नियम असा की ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो तेवढ्याच बलाने ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते. सारखी बलं, उलट्या दिशा, बेरीज शून्य. मग हललं कसं? मी बी.कॉम. माणूस, बट्टीचा घास हातातच राहिला. म्हटलं इंजिनाचा जोर जास्त असतो रे. तर म्हणे म्हणजे नियम खोटा का? आता सांगा काय सांगू.

धुळेकर_७
यात काय अवघड आहे. तो नियम उभ्या वस्तूंसाठी. टेबलावर पुस्तक वगैरे. हलायला लागलं की ओढणाऱ्याचा जोर जास्तच असणार, नाहीतर हलणारच नाही. साधं लॉजिक आहे भाऊ.

भरीत_पार्टी
काब्र इतलं डोकं लावस रे भो. घड मंडीत पोचले ना? भाव काय लागला ते सांग 😄

अमळनेरचे_मास्तर
धुळेकर, तुमचं लॉजिक साधं आहे खरं, पण चूक आहे. रागवू नका, निम्म्या वर्गाचं उत्तर हेच असतं आणि बऱ्याच मास्तरांचंसुद्धा.

तिसरा नियम उभं असो, चालतं असो, आपटत असो, कायम लागू. ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो ते बल आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ओढते ते बल, दोन्ही अगदी सारखी, ट्रॉली रुतलेली असताना पण आणि सुसाट निघाली तेव्हा पण. (साखळीचं वजन किरकोळ धरतोय, नाहीतर कोणीतरी साखळीवरून धाग्याचं गुऱ्हाळ करेल.)

गडबड बेरजेत आहे. केळीवाले भाऊ, तुम्ही तुमच्या खात्यात 500 जमा केले आणि त्याच दिवशी आप्पांच्या खात्यातून 500 गेले, तर बेरीज शून्य म्हणून तुमचं पासबुक कोरं राहील का? बी.कॉम. आहात, तुम्हीच सांगा. एक बल ट्रॉलीवर लागतं, दुसरं ट्रॅक्टरवर. खाती वेगळी. ट्रॉली हलेल का हे बघायचं तर फक्त ट्रॉलीचं खातं उघडा: पुढे साखळीची ओढ, मागे गाऱ्याची अडवणूक. ओढ जास्त झाली की निघाली. ट्रॉली ट्रॅक्टरला काय करते तो ट्रॅक्टरच्या खात्यातला खर्च, तो इथे लिहायचाच नाही.

यावलचा_केळीवाला
सर नमस्कार. खात्याचं पटलं. पण मग ट्रॅक्टरच्या खात्यात काय? त्याला तर ट्रॉली मागे ओढतेय, तो पुढे का जातो? इंजिन स्वतःच स्वतःला ढकलतं का?

अमळनेरचे_मास्तर
अगदी मोक्याचं विचारलंत. स्वतःला कोणी ढकलू शकत नाही. जीपमध्ये बसून आतून डॅशबोर्ड कितीही ढकला, जीप हलणार नाही. ट्रॅक्टरला पुढे ढकलते ती जमीन.

टायर जमिनीला मागे रेटतं, जमीन टायरला तेवढ्याच बलाने पुढे रेटते, ही दुसरी जोडी. तुमच्या नाल्यावर काय झालं बघा, तुमचा ट्रॅक्टर ओल्या काळ्या मातीत होता, टायरने माती मागे रेटली तर मातीच उडून गेली, जी स्वतः टिकत नाही ती तुम्हाला काय रेटणार? केळीच्या खांबात सगळं पाणी, त्यामुळे तो गेला तेल झाल्यासारखा. आप्पांचा ट्रॅक्टर काही जास्त ताकदीचा असेलच असं नाही, तो मुरमावर उभा होता एवढंच. मुरूम सरकत नाही, म्हणून मुरूम पुढे रेटू शकतो. इंजिनाचं काम चाक फिरवायचं, बाहेरून धक्का द्यायचं काम जमिनीचं. तुम्ही चालता तेव्हा पण तेच, पाय जमीन मागे सारतो आणि जमीन तुम्हाला पुढे घालवते, शेवाळलेल्या घाटावर एकदा चालून बघा मग जमिनीची किंमत कळते.

आणि एक सांगतो, हा प्रश्न तुमच्या पोराने नवीन काढलेला नाही. न्यूटनचं पुस्तक 1687 चं, लॅटिनमधलं, त्यात तिसरा नियम सांगितल्याबरोबर त्याने उदाहरण दिलंय ते दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचं, की घोडा पण दगडाकडे तेवढाच ओढला जातो. म्हणजे साडेतीनशे वर्षांपासून लोक याच चिखलात रुतलेत.

धुळेकर_७
मास्तर तुम्ही म्हणता म्हणून मान्य करायचं का? मी रस्सीखेच खेळलोय कॉलेजात. जी टीम जास्त जोरात ओढते ती जिंकते, आणि तुम्ही म्हणता दोन्हीकडे बल सारखं. मग जिंकतं कोण आणि का? पंच?

आसोद्याची_लेक
मी जळगावात नववी-दहावीच्या शिकवण्या घेते, मला हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये येतो म्हणजे येतोच. बोलून कोणी मानत नाही त्यामुळे मी बोलतच नाही, करायला लावते. केळीवाले दादा, कापूस मोजायचा लटकता ताणकाटा असेल ना घरात? स्प्रिंगवाला, आकड्याचा. शेजारून अजून एक मागून आणा. दोन्हीचे आकडे एकमेकांत अडकवा, एक टोक तुम्ही धरा, दुसरं मुलाने, आणि ओढा. आधी दोघं उभे राहून, मग तुम्ही जोरात आणि तो हळू, मग त्याला पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभा करा. दर वेळी दोन्ही काट्यांचे आकडे मोठ्याने वाचा. काटे आडवे धरल्यावर काही ओढायच्या आधी शून्यावर आहेत का तेवढं बघून घ्या, नाहीतर उगीच न्यूटनवर आळ येईल.

धुळेकर दादा, तुम्ही पण करा. बघा तुमचा काटा जास्त दाखवतो का.

यावलचा_केळीवाला
ताई केलं. आख्खं घर ओट्यावर जमा झालं होतं, आबा खाटेवरून कॉमेंट्री करत होते.

पहिल्यांदा दोघं जागेवर, माझा 8 किलो, त्याचा 8. मग मी म्हटलं तू नुसतं धरून ठेव, मी ओढतो. माझा 14, त्याचा पण 14! मी म्हटलं तू ओढतोयस, तो म्हणे आईशप्पथ नुसता धरलाय. मग लक्षात आलं की नुसतं धरून ठेवायला पण त्याला 14 चाच जोर लावावा लागतोय, नाही लावला तर आकडा हातातून सुटेल. मग पायमोजे. हा सगळ्यात भारी भाग. तो शहाबादी फरशीवर, मी बाहेर खडबडीत कोब्यावर चप्पल घालून. 6 किलोलाच तो घसरत घसरत माझ्याकडे आला, आणि त्याची बहीण दोन्ही काटे वाचत होती, घसरताना पण 6 आणि 6. थोडं इकडेतिकडे हलत होते पण दोन्ही बरोबरीनेच हलत होते. मग मी पायमोजे घातले आणि तो कोब्यावर गेला. नववीतल्या पोराने 82 किलोचा बाप ओढत नेला. आबा इतके हसले की खोकला लागला.

म्हणजे दोरीत कोणी जिंकत नाही, पायाखाली जिंकतं. बरोबर ना?

आसोद्याची_लेक
हेच! वजन पण थोडं येतं त्यात, जड माणसाची जमिनीवर पकड जास्त बसते, म्हणून रस्सीखेचेत जाडजूड माणूस शेवटी ठेवतात आणि सगळे टाचा रोवून मागे झुकतात. पण दोरी दोन्ही टीमला सारखंच ओढते.

धुळेकर_७
बरं. केला मी पण, किराणा दुकानातले दोन काटे घेऊन. सारखे आले. पण एक शंका राहतेच. उभं असताना किंवा हळू सरकताना ठीक. ट्रॉली एकदम वेग घेते तेव्हाचं काय? तेव्हा तर ट्रॅक्टरला जास्त ओढावंच लागेल ना?

अमळनेरचे_मास्तर
जास्त ओढावं लागेल, पण कशापेक्षा जास्त? गाऱ्याच्या अडवणुकीपेक्षा. ट्रॉलीच्या ओढीपेक्षा नाही. इथेच सगळ्यांची मान अडकते. आकडे घेऊ, सोयीचे घेतोय, केळीवाल्यांच्या ट्रॉलीचे खरे वजनकाट्यावर जाऊन बघा.

भरलेली ट्रॉली 4000 किलो, ट्रॅक्टर 2000 किलो. मुरूम ट्रॅक्टरला पुढे रेटतोय 9000 न्यूटनने (न्यूटन हे बल मोजायचं माप, 1 किलोचं वजन म्हणजे साधारण 10 न्यूटन), गारा ट्रॉलीला मागे धरतोय 6000 न्यूटनने. दोघांना मिळून एकच वस्तू धरली तर उरले 3000, एकूण वस्तुमान 6000 किलो, त्वरण, म्हणजे वेग वाढायचा दर, आलं 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. आता फक्त ट्रॉली बघा. 4000 किलोला 0.5 ने वेग द्यायला 2000 न्यूटन शिल्लक पाहिजेत, गाऱ्याचे 6000 वरून, म्हणजे साखळी तिला 8000 ने ओढतेय. आता फक्त ट्रॅक्टर. मुरूम पुढे 9000, साखळी मागे तेच 8000, शिल्लक 1000, आणि 2000 किलोला 0.5 ने न्यायला लागतात बरोबर 1000.

साखळीच्या दोन्ही टोकांना 8000 आणि 8000, आणि तरी दोघंही वेग घेताहेत. धुळेकर, जमाखर्च जुळला की नाही?

धुळेकर_७
जुळला. कागदावर दोनदा केलं. आता मान्य, आणि पहिलं लॉजिक माझं गाऱ्यात गेलं असं समजा.

शिरपूरचा_सिव्हिल
मास्तर, मग टेबलावर पुस्तक हे तरी उदाहरण बरोबर ना? आम्हाला तेच शिकवलेलं, ओट्यावर हंडा ठेवला, हंड्याचं वजन खाली ही क्रिया, ओटा वर रेटतो ती प्रतिक्रिया.

अमळनेरचे_मास्तर
आता कबुली द्यायची वेळ आली. मी स्वतः नोकरीची पहिली कितीतरी वर्षं फळ्यावर हेच काढत होतो, खाली एक बाण, वर एक बाण, क्रिया, प्रतिक्रिया, पुढचा प्रश्न. चूक आहे ते.

दोन्ही बाण हंड्यावरच लागताहेत हो. जोडीतली बलं कधीही एकाच वस्तूवर लागत नाहीत. हंड्याचं वजन म्हणजे पृथ्वीने हंड्याला ओढणं, त्याचा जोडीदार म्हणजे हंड्याने पृथ्वीला ओढणं. ओटा हंड्याला वर रेटतो, त्याचा जोडीदार हंडा ओट्याला खाली रेटतो. वाक्य उलटं फिरवून बघायचं, अमुकने तमुकला, तमुकने अमुकला. शब्द फिरवून वाक्य जुळलं तर जोडी, नाहीतर नाही.

मग हंड्यावरचे ते दोन बाण सारखे का? केवळ हंडा स्थिर आहे म्हणून, तो पहिल्या-दुसऱ्या नियमाचा विषय (एका वस्तूवरच्या बलांची बेरीज शून्य तर वेग बदलत नाही, काही उरलं तर बदलतो). आणि ते नेहमी सारखे नसतात याचा पुरावा हवा तर वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये जा. 60 किलोचा माणूस, लिफ्ट वर निघताना त्वरण 1 असलं तर काटा सुमारे 66 दाखवतो. पृथ्वी तेवढीच ओढतेय, काटा मात्र जास्त रेटतोय. हे दोघं क्रिया-प्रतिक्रिया असते तर असा फरक पडलाच नसता. त्याच वेळी माणूस काट्याला आणि काटा माणसाला मात्र बरोबर सारखंच रेटताहेत.

माझं आपलं मत, सगळा घोळ या प्रतिक्रिया शब्दाने केलाय. मराठीत प्रतिक्रिया म्हणजे आधी कोणीतरी काहीतरी बोलतं आणि मग लोक तुटून पडतात. इथे आधी-नंतर काही नाही, दोन्ही एकाच क्षणी. साखळीचं कुठलं टोक आधी ताणलं गेलं सांगा बरं.

आसोद्याची_लेक
सर एकदम मान्य, मी तर वर्गात जोडीदार असंच म्हणते. पेपरात मात्र क्रिया-प्रतिक्रियाच लिहा रे बाबांनो, मार्क कापले तर माझ्याकडे येऊ नका.

भरीत_पार्टी
थांबा थांबा. हंडा पृथ्वीला ओढतो?? केळीचा घड खाली पडला तर पृथ्वी वर येते का मग?

आसोद्याची_लेक
येते की. 20 किलोचा घड पृथ्वीला सुमारे 200 न्यूटनने वर ओढतो. पण पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे 6 वर 24 शून्यं एवढे किलो, त्यामुळे 200 ला त्याने भागा आणि काय उरतं बघा. बल सारखं, परिणाम सारखा नाही. ट्रकची आणि सायकलची टक्कर झाली तरी दोघांना बसणारं बल सारखंच असतं, सायकलचं काय होतं ते सांगायला नको.

शहाद्याचा_जिभाऊ
मी ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, नियम वगैरे तुम्ही बघा, मी एक कामाची गोष्ट सांगतो. केळीवाले भाऊ, साखळी कुठे लावली होती? आपल्याकडे रुतलेली गाडी काढताना लोक साखळी जागा मिळेल तिथे, कधी मागच्या आसाला तर कधी त्याच्याही वर लावतात. ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं आणि मागे उलटतो, बघता बघता, ड्रायव्हरला उडी मारायला पण वेळ मिळत नाही. साखळी कायम खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली ओढण्यासाठीच दिलेल्या दांड्याला.

अमळनेरचे_मास्तर
जिभाऊ, तुम्ही जे सांगितलं ना, त्यात आमचाच विषय आहे. इंजिन मागचं चाक पुढे फिरवतं, म्हणजे चाक ट्रॅक्टरच्या धडाला उलट फिरवू बघतं. चाक मोकळं फिरत असलं तर ते जाणवत नाही. पण चाक घट्ट अडकलं आणि वर क्लच एकदम सोडला तर चाकाऐवजी धडच आसाभोवती फिरायला लागतं, तोंड आकाशाकडे. त्यात साखळी उंचावर असली की जमिनीची रेट खाली पुढे आणि साखळीची ओढ वर मागे, दोघं मिळून उलटवायलाच मदत करतात. साखळी खाली बांधली की ही मदत कमी होते, आणि क्लच हळू सोडायचा तो वेगळाच.

यावलचा_केळीवाला
जिभाऊ, खरं सांगतो, तिसऱ्या झटक्याला पुढची चाकं हातभर उचलली होती. आम्ही हसत होतो. साखळी आसाला होती. आता हे वाचून पोटात गोळा आला.

चोपड्याचा_रात्रपाळी
रात्री दोनला लाईट येते आणि मोटर चालू केली की लपेटा पाईप नागासारखा वळवळतो, तोंड कोणी धरलेलं नसलं की थेट अंगावर. ते पण यातच येतं का? आणि स्प्रिंकलर फिरतो तो पण?

आसोद्याची_लेक
पाईपाचं हो. पाईप पाण्याला पुढे फेकतो, पाणी पाईपाला मागे ढकलतं. सेकंदाला 5 लिटर पाणी आणि तोंड दाबून वेग 6 मीटर प्रति सेकंद केला तर धक्का 30 न्यूटन, म्हणजे हातात 3 किलो धरल्यासारखं. तोंड अजून दाबलं की अजून.

स्प्रिंकलर कुठला त्यावर आहे. बंगल्यातल्या लॉनवरचा वाकड्या हातांचा, तो या धक्क्यानेच फिरतो. शेतातला टक-टक करणारा वेगळा, त्यात पाण्याची धार त्या स्प्रिंगच्या हाताला बाजूला मारते, तो हात परत येऊन आपटतो आणि दर ठोक्याला डोकं थोडं थोडं सरकतं.

शिरपूरचा_सिव्हिल
रॉकेट पण हवेला मागे ढकलून वर जातं ना, दिवाळीतल्यासारखं?

अमळनेरचे_मास्तर
हवेला नाही, स्वतःच्याच वायूला. रॉकेट वायूला खाली फेकतं, वायू रॉकेटला वर ढकलतो, मध्ये हवेचं काही काम नाही. ही चूक तुम्ही एकटे करत नाही. 1920 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात अमेरिकेतले रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची टिंगल केली होती, की पोकळीत रॉकेटला ढकलायला काही नसतं हे साधं शाळेतलं ज्ञान या प्राध्यापकाला नाही. मग जुलै 1969 मध्ये अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना त्यांनी चूक दुरुस्त केली. 49 वर्षांनी, आणि तोवर गोडार्ड वारलेले. आपलं विक्रम लँडर 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरलं तेही इंजिनांनीच वेग मारत, आणि चंद्रावर टेकायला हवा कुठे आहे.

केळीवाले, तुमच्या पोराला अजून एक खेळ सांगा. परातीत पाणी, थर्माकोलचे दोन तुकडे, एकावर जुन्या स्पीकरमधलं छोटं चुंबक, दुसऱ्यावर खिळा. खिळा बोटाने धरून ठेवला तर काय होतं? मग दोन्ही सोडा. न्यूटनने हेच केलं होतं, चुंबक आणि लोखंड वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून पाण्यावर सोडले. भांडी एकमेकांना चिकटली आणि तिथेच राहिली. चुंबक जास्त जोराने ओढत असतं आणि लोखंड कमी, तर ती चिकटलेली जोडी आपोआप एका बाजूला चालत सुटली असती. डिझेल न लागणारी होडी. तापीत सोडली असती आपण.

यावलचा_केळीवाला
सर, परात पण झाली. पोऱ्याला वाटत होतं खिळाच चुंबकाकडे जाणार. खिळा धरला तर चुंबक आलं त्याच्याकडे! दोन्ही सोडले तर मध्ये कुठेतरी भेटले, चुंबक जड म्हणून ते कमी सरकलं, हे त्याने स्वतः सांगितलं, मी नाही. आता तो घरात प्रत्येकाला वाक्य उलटं करून विचारतोय, आजी तू लाटण्याला ढकलतेस तर लाटणं कोणाला ढकलतं. आई वैतागलीय.

साखळीसाठी आप्पांना फोन केला, ड्रॉबारचं सांगितलं, ते म्हणे मला माहिती होतं पण घाई होती.

एक नुकसान झालं मात्र. ओट्यावरच्या रस्सीखेचीत आमच्या काट्याची स्प्रिंग ढिली झाली, आता रिकामा असताना पण दीड किलो दाखवतो. आबांनी आज सकाळी हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, कापूस मोजायचा काटा होता, बाप मोजायचा नव्हता. दसऱ्यानंतर वेचणी आहे, तोवर नवा आणावा लागेल. शेजाऱ्यांच्या काट्याचं काय झालंय ते मी अजून तपासलेलं नाही.

भरीत_पार्टी
दोन्ही काट्यांवर बल सारखंच होतं ना भो? मग शेजाऱ्याचा पण दीडच दाखवत असेल 😄